गरमागरम चीज-भाजी डिप: पार्टीसाठी, पोईसोबत

ओव्हनमधून काढलेलं डिप वरून छान सोनेरी दिसतं, कडेने रटरटत असतं. पहिला पाहुणा पोईचा (गोव्याच्या कोंड्याच्या पोकळ पावाचा) तुकडा बुडवतो आणि खालून हिरवट पाण्याचं तळं वर येतं. हे डिप फसतं ते बहुतेक वेळा असंच, आणि बोल चीजला लागतो. चीज बिचारं निर्दोष असतं. पालकात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, अळंबीत आणि भोपळी मिरचीतही तेवढंच. ते तुम्ही आधी काढलं नाही तर ओव्हनमध्ये सुटणारच, आणि वर चीजचं झाकण असल्यामुळे वाफ होऊन जायला त्याला वाट नसते. म्हणून पुढच्या कृतीत निम्मा वेळ भाजी कोरडी करण्यात जातो. तो वाचवू नका. बाकी सगळीकडे थोडं इकडेतिकडे झालेलं चालतं.

खालचं प्रमाण १० ते १२ जणांना सुरुवातीचं खाणं म्हणून पुरतं. २० सेंमीचं चौकोनी किंवा २२-२३ सेंमीचं गोल भांडं घ्या, म्हणजे डिपचा थर सुमारे ३ सेंमी होतो. याहून खोल भांड्यात मधला भाग गार राहतो आणि कडा करपतात. पातळ थरात वरची साय लवकर वाळते.

भाजी कोणती

मूळ परदेशी कृतीत पालकाबरोबर आर्टिचोक असतो. इकडे तो डबाबंदच मिळतो, महाग पडतो आणि खारवलेला असतो. त्याच्या जागी पावसाळ्याच्या आगेमागे बाजारात येणारा कोवळा नीरफणस वापरून पाहा. साल आणि मधला दांडा काढून १ सेंमीचे तुकडे करा, मिठाच्या पाण्यात ८-१० मिनिटं उकडा आणि नीट निथळा. पिकू लागलेला नको, तो गोडसर लागतो आणि शिजला की त्याचं पीठ होतं. कोवळ्याला मात्र आर्टिचोकच्या जवळ जाणारी चव असते, शिवाय तो दाताखाली येतो. सगळ्या मऊ पदार्थांत दाताला काहीतरी लागणं महत्त्वाचं. नीरफणस नसेल तेव्हा मक्याचे दाणे तेच काम करतात.

तांबडी भाजी (लाल माठ) घालायचा मोह गोव्यात हमखास होतो, विशेषतः डिसेंबरात, जेव्हा ती कोवळी आणि भरपूर मिळते. चवीला उत्तम, पण तिचा रंग पाण्यात विरघळणारा आहे. सगळं डिप गुलाबी होतं आणि पाहुणे विचारतात, बीट घातलंय का? गुलाबी चालत असेल तर खुशाल घाला. नाहीतर पालक तीन वाटे आणि तांबडी एक वाटा ठेवा, आणि तांबडी वेगळी उकडून तिचं पाणी ओतून द्या.

गोव्यातल्या आगशी गावचं मोठं वांगं भाजून त्याचा गर घातला तर धुरकट चव येते. मात्र भाजलेलं वांगं सोलून अर्धा तास चाळणीत निथळायला ठेवा. खाली जमलेलं पाणी पाहिलं की कारण वेगळं सांगावं लागत नाही. टोमॅटो आणि दुधी या पदार्थात नकोत. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी आळमी चीजमध्ये घालणं म्हणजे तिचा अपमान. तिचा नाजूक सुवास चीजखाली गाडला जातो. इथे पाकिटातली बटण अळंबीच बरी.

चीज: तीन प्रकार, तीन कामं

नुसतं मोझरेला घातलं तर तार छान येते, पण चव सपाट लागते, आणि दहा मिनिटांत डिप थंड होऊन रबरासारखं ओढलं जातं. नुसतं जुनं चेडर घातलं तर चव भरपूर, पण तापलं की तूप सुटतं आणि खाली दाणे राहतात. चीज म्हणजे दुधातल्या प्रथिनांच्या जाळ्यात अडकलेली स्निग्धता आणि पाणी. फार तापवलं की जाळं आवळतं आणि आतली चरबी पिळून बाहेर पडते. दुकानात सहज मिळणारं प्रोसेस्ड चीज, म्हणजे क्यूबमधलं, इथे कामाला येतं. त्यात घातलेले क्षार चरबी आणि पाणी एकत्र धरून ठेवतात, त्यामुळे ते न फुटता वितळतं आणि बाकीच्या चीजलाही सांभाळून घेतं. खवय्ये या क्यूबला नाकं मुरडतात. या पदार्थात मुरडू नयेत.

तिसरं क्रीम चीज, मऊपणासाठी. ते नसेल तर घरचा चक्का चालतो. अर्धा किलो सायीच्या दह्याचा साधारण २०० ते २५० ग्रॅम चक्का होतो. दही टांगायचं ते फ्रिजमध्ये, खाली भांडं ठेवून. आपल्या हवेत रात्रभर खुंटीला टांगलेलं दही सकाळी आंबट होतं आणि आंबट चक्का तापवला की फुटतो. चक्क्यात १ चमचा कॉर्नफ्लोअर आधीच घोटून घ्या, पिष्टामुळे दह्याची प्रथिनं एकमेकांना चिकटून गुठळ्या होत नाहीत.

मोझरेला शक्यतो विटेच्या स्वरूपात घेऊन घरी किसा. पाकिटातल्या किसलेल्या चीजला कण चिकटू नयेत म्हणून पिठासारखं काहीतरी चोळलेलं असतं. ते वर भुरभुरायला ठीक, पण आतल्या मिश्रणात किंचित खरखर जाणवते. शाकाहारी पाहुणे असतील तर आयात केलेल्या चीजच्या वेष्टनावरचा ठिपका बघा. इटलीचं अस्सल पार्मेझान वासराच्या जठरातलं रेनेट (दूध गोठवणारं विकर) वापरून करतात. सोमवार पाळणाऱ्या पाहुण्याला हे खाऊन झाल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

साहित्य

पालक: निवडलेली पानं ५०० ग्रॅम
बटण अळंबी: २०० ग्रॅम
मक्याचे दाणे किंवा उकडलेला नीरफणस: १०० ग्रॅम
भोपळी मिरची: १ मध्यम
कांदा: १ मध्यम, लसूण: ८ पाकळ्या
क्रीम चीज किंवा चक्का: २०० ग्रॅम
मोझरेला: २०० ग्रॅम (१५० आत, ५० वर)
प्रोसेस्ड चीज: १०० ग्रॅम, म्हणजे २५ ग्रॅमचे ४ क्यूब
लोणी: ३० ग्रॅम, मैदा: १ मोठा चमचा भरून, सायीचं दूध: २०० मिली
मिरपूड: अर्धा छोटा चमचा, जायफळ: दोन-तीन वेळा किसणीवर फिरवून
सुक्या मिरचीचा भरड चुरा: अर्धा छोटा चमचा
माडाच्या सुरेचा व्हिनेगर: १ छोटा चमचा
तेल: २ मोठे चमचे, मीठ: शेवटी, चाखून

मिरची काणकोणच्या खोला गावची मिळाली तर तीच घ्या. रंग लालभडक आणि तिखटपणा मध्यम असल्याने चीजवर तिची कुरघोडी होत नाही. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीच्या, दिवसांत म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात वर्षाची मिरची घेऊन ठेवणाऱ्या घरांत ती असतेच. चुरा करण्याआधी मिरची कोरड्या तव्यावर अर्धा मिनिट फिरवा. दमट हवेत ती मऊ पडलेली असते आणि कुटली जात नाही.

व्हिनेगर वाचून दचकू नका. एवढ्या चीजमध्ये थोडा आंबटपणा नसेल तर चौथ्या घासाला जीव कंटाळतो. पण तो दुधात नाही, भाजीत घालायचा. गरम दुधात पडला तर दूध नासलंच. चक्का वापरत असाल तर व्हिनेगर वगळा, चक्क्याचा आंबटपणा पुरतो. कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी करत असाल तर दोन्ही वगळून तेलात पाव चमचा हिंग घाला आणि जायफळ दुप्पट करा.

भाजी कोरडी करणं

पालक तीन पाण्यांतून काढा. तांबड्या मातीचे कण देठाच्या बेचक्यात बसतात, आणि मऊ चीजमध्ये एकच खडा दाताखाली आला तरी पाहुणा पुन्हा चमचा लावत नाही. धुताना पानं वर उचलून घ्या, भांडं ओतून देऊ नका, नाहीतर खाली बसलेली माती पुन्हा पानांवरच येते.

मोठ्या पातेल्यात पाणी खळखळ उकळवा. पालक घालून ४५ सेकंद ते १ मिनिट ठेवा, लगेच गार पाण्यात टाका. गार झाला की मूठ-मूठ घेऊन पिळा. मग स्वच्छ पंच्यात गुंडाळून पुन्हा पिळा, पंचा दोन्ही टोकांनी उलट दिशेला मुरगाळून, अगदी ताकद लावून. हाताने पिळलेल्या पालकात अजून बरंच पाणी असतं आणि पंच्याने ते खाली वाटीत पडताना दिसतं. ५०० ग्रॅम पानांचा शेवटी २०० ग्रॅमच्या आत गोळा उरला पाहिजे. तो कोरड्या कागदावर मिनिटभर ठेवा. कागदावर ओलं वर्तुळ उमटलं तर अजून पिळायचा आहे. मग बारीक चिरा. न चिरता घातला तर पानांचे लांब दोर होतात आणि पहिल्याच बुडवणीत निम्मा पालक एका पाहुण्याच्या पोईवर लटकतो.

अळंबी पाण्याखाली झटकन धुवा आणि पुसा. ती स्पंजासारखी पाणी शोषते हा समज वाढवून सांगितला जातो. भिजवत ठेवली नाही तर काही बिघडत नाही. पातळ काप करा. पसरट जड तवा चांगला तापवून १ चमचा तेल घाला आणि काप एका थरात पसरा. एका वेळी मावत नसतील तर दोनदा करा. गर्दी झाली की अळंबी भाजली जात नाही, स्वतःच्याच पाण्यात उकडते. मीठ घालू नका. आधी पाणी सुटेल, मग आटेल, मग चुरचुर आवाज बदलून कडा तांबूस होतील. याला ८ ते १० मिनिटं लागतात आणि अळंबी निम्म्याहून कमी होते. पाचव्या मिनिटाला ती "झाली" असं वाटतं. तेव्हा ती झालेली नसते.

त्याच तव्यात उरलेलं तेल, बारीक चिरलेला कांदा, ३-४ मिनिटं. कांदा पारदर्शक झाला पाहिजे, लाल नको, गोडवा जास्त होतो. मग लसूण अर्धा मिनिट, भोपळी मिरची २ मिनिटं मोठ्या आचेवर, मक्याचे दाणे. दाणे फ्रीझरमधले असतील तर आधी बाहेर काढून निथळा आणि कोरड्या तव्यावर भाजा, बर्फाचं पाणी हे विसरलं जाणारं पाणी आहे. उकडलेला नीरफणस वापरत असाल तर तो इथेच घाला आणि कडा कोरड्या होईपर्यंत परता. गॅस बंद करून पालक, अळंबी, मिरचीचा चुरा आणि व्हिनेगर घाला. ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या. गरम भाजी झाकून ठेवली की वाफेचं पाणी झाकणावरून परत आत पडतं, मघाचा सगळा खटाटोप वाया.

सॉस आणि चीज

जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर लोणी वितळवून मैदा घाला. दीड मिनिट परता, रंग न बदलता कच्चा वास जाईपर्यंत. दूध खोलीच्या तापमानाचं असावं. पहिला पाव कप घालून घट्ट गोळा होऊ द्या, तो मोडा, मग पुढचं दूध थोडंथोडं. सगळं एकदम ओतलं तर गुठळ्या होतात, झाल्याच तर गाळणीतून गाळा, लाजायचं कारण नाही. सॉस चमच्याच्या पाठीला चिकटून राहिला आणि बोट फिरवल्यावर रेघ टिकली की आच बंद.

क्रीम चीज अर्धा तास आधी बाहेर काढलेलं हवं. मे महिन्यात वीस मिनिटंही पुरतात. फ्रिजमधलं गार चीज सॉसमध्ये पांढऱ्या गोळ्यांसारखं तरंगतं आणि ते मोडायला तुम्ही पुन्हा गॅस लावता, तिथेच गडबड होते. मऊ क्रीम चीज फेटून घाला. मग किसलेलं प्रोसेस्ड चीज आणि १५० ग्रॅम मोझरेला, आच बंद ठेवूनच. सॉसच्या उरलेल्या उष्णतेत ते वितळायला लागतं. थोडे धागे, थोडे कण राहिले तरी चालतात, बाकीचं ओव्हन बघेल. आता मिरपूड, जायफळ, गार झालेली भाजी. ढवळा आणि चाखा. लोणी खारं, चीज खारं, त्यामुळे बहुतेक वेळा दोन चिमटी मिठावर भागतं, कधी शून्यावर. सोबत तळलेले फणसाचे गरे किंवा केळ्याचे वेफर्स ठेवणार असाल तर मिठाला हात लावू नका.

या टप्प्यावर मिश्रण चमच्यातून जड गोळ्यासारखं पडलं पाहिजे. धारेने पडलं तर भाजी ओली राहिली आहे. अजून वेळ गेलेली नाही. १ मोठा चमचा ब्रेडचा कोरडा चुरा मिसळा. उलट सिमेंटसारखं झालं असेल तर दोन चमचे दूध.

भाजणं

ओटीजी (विजेचा घरगुती ओव्हन) १८० अंशांवर, दोन्ही कांड्या चालू ठेवून, १२ मिनिटं आधी तापवा. लहान ओटीजीचा दिवा तापमान गाठल्याचं सांगतो तेव्हा आतली हवा तापलेली असते, भिंती नाहीत. भांड्याला आतून लोणी लावून मिश्रण पसरा, वर ५० ग्रॅम मोझरेला. मधल्या कप्प्यात २० ते २२ मिनिटं. कडेला बुडबुडे येणं पुरेसं नाही, मधोमध बुडबुडे दिसायला हवेत. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ७५ अंश. मग भांडं वरच्या कप्प्यात आणा, फक्त वरची कांडी चालू ठेवा, ३-४ मिनिटं. या वेळात ओव्हनसमोरून हलू नका. सोनेरी आणि काळा यांच्यात मिनिटभराचंच अंतर असतं.

बाहेर काढल्यावर ८-१० मिनिटं तसंच ठेवा. लगेच वाढलं तर ते पातळ वाटतं, जिभाही भाजतात. थोडं निवलं की घट्ट बसतं.

वर तुपाचं तळं दिसलं तर आच जास्त झाली किंवा वेळ वाढला. कागदी रुमालाची घडी वरून हलकेच टेकवा, तेल उचललं जातं. पोत दाणेदार झाला असेल तर तो परत गुळगुळीत होत नाही, पण २ चमचे गरम दूध घालून कडेकडेने ढवळलं तर बराच झाकला जातो. तळाशी पाणी आलं असेल तर ढवळू नका. भांडं तिरकं करून चमच्याने काढा आणि पुन्हा ५ मिनिटं ओव्हनमध्ये ठेवा.

ओव्हन नसेल, किंवा वीज गेली तर

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर कन्व्हेक्शनवर १७० अंश, खालची जाळी, वेळ तितकाच. साध्या मायक्रोवेव्हमध्ये मध्यम शक्तीवर ६-७ मिनिटांत, मध्ये एकदा ढवळून, डिप गरम होतं पण वरून रंग येत नाही. त्यावर तव्यात लोण्यावर परतलेला पोईचा चुरा पसरा. प्रामाणिकपणे सांगायचं तर काहींना हेच जास्त आवडतं.

गॅसवर करायचं तर जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात मिठाचा बोटभर थर, त्यावर स्टँड, झाकून मध्यम आचेवर १० मिनिटं तापवा. डिपचं भांडं आत ठेवून मंद-मध्यम आचेवर २५ ते ३० मिनिटं. इथे काचेचं भांडं नको, स्टीलचं किंवा ॲल्युमिनियमचं घ्या. आणि पुन्हा तेच पाणी: झाकणाला आतून वाफ साचते आणि थेंब चीजवर पडतात. झाकणाला आतून फडकं बांधा, त्याची टोकं वर गाठ मारून घ्या, ज्योतीपासून लांब. वरून रंग हवा असेल तर बेबिंकाची, म्हणजे गोव्याच्या थरांच्या गोड पदार्थाची, युक्ती उसनी घ्या. बेबिंकाचा एकेक थर वरच्या आचेनेच भाजतात. पातेल्यावर पत्र्याचं सपाट झाकण, त्यावर नारळाच्या करवंटीचे निखारे, ५-६ मिनिटं. फडकं अर्थातच त्याआधी काढायचं, आणि हे काम उघड्यावर, परसात करायचं.

पोई, उंडो आणि इतर

पदेराचा (पाववाल्याचा) भोंगा संध्याकाळी वाजतो तेव्हा घेतलेली पोई मऊ आणि चिवट असते. भाजीबरोबर ती तशीच हवी, डिपबरोबर नाही. पोई आतून पोकळ असते, तिचे दोन पदर सुटे करून प्रत्येकाचे सहा त्रिकोण कापा. तेल न लावता १६० अंशांवर १० ते १२ मिनिटं, मध्ये एकदा उलटून. कोंड्यामुळे ती लवकर कुरकुरीत होते आणि खमंग लागते. जाळीवर पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. कोमट भरली तर तासाभरात सादळते. पावसाळ्यात डब्यातूनही सादळते, तेव्हा वाढण्याआधी ३ मिनिटं पुन्हा ओव्हन दाखवा. एका माणसाला सात-आठ त्रिकोण लागतात, म्हणजे १२ जणांना ८ पोई. दोन जास्तच घ्या.

उंड्याची, म्हणजे कडक गोल पावाची, कवचासारखी साल जाड असते, त्यामुळे त्याचीच वाटी होते. वरचा भाग कापा, आतला गर काढा, रिकामं कवच १६० अंशांवर ५ मिनिटं वाळवा, मग डिप भरून १० ते १२ मिनिटं भाजा. न वाळवता भरलं तर पाव आतून ओला होऊन बूड सुटतं. मुलांच्या वाढदिवसाला हा प्रकार सोयीचा: प्रत्येकाचा आपला उंडो, एकाच भांड्यात दहा हात नाहीत. काढलेला गर वाळवून चुरा करा, वर सांगितलेल्या कामांना येतो.

काकणंही (बांगडीच्या आकाराचे कडक पाव) चांगली, पण ती बुडवायची, त्यांनी उचलायचं नाही. बटाट्याचे पातळ वेफर्स मोडतात आणि तुकडे डिपमध्ये बुडून राहतात. नीरफणसाची रव्यात घोळून तळलेली कापं असतील तर बाकी काही नको. काकडी-गाजराच्या कांड्या ठेवायच्या तर पुसून, अगदी शेवटच्या क्षणी.

वेळेचं गणित

साडेसातचं निमंत्रण असेल तर पाहुणे आठला येणार हे धरूनच चाला. आदल्या रात्री भाजी कोरडी करून, सॉस-चीजमध्ये मिसळून, भांड्यात भरून, वर घट्ट झाकून फ्रिजमध्ये ठेवता येतं. वरचं मोझरेला आणि भाजणं दुसऱ्या दिवशी. फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नका. चक्का आणि सॉस दोन्ही फुटतात. पार्टीच्या दिवशी सव्वासातला भांडं बाहेर काढा. थंडगार काच तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवली तर तडकू शकते. पाऊण तास बाहेर राहिलं तरी मिश्रण आतून गारच असतं, म्हणून आठला ओव्हनमध्ये घालताना पहिली १५ मिनिटं फॉइलने झाका, एकूण वेळ १० मिनिटांनी वाढवा. पावणेनऊपर्यंत टेबलावर. त्याआधी पाहुण्यांच्या हातात काजूगर आणि सरबत द्या.

३० जणांसाठी मोठं खोल भांडं भरण्याच्या फंदात पडू नका. तिप्पट मिश्रण करा आणि ते तीन भांड्यांत वाटा. लहान ओटीजीत एका वेळी एकच मावतं, आणि तेच सोयीचं आहे. पहिलं टेबलावर गेलं की दुसरं आत ठेवा. त्यामुळे शेवटच्या पाहुण्यालाही गरमच मिळतं. तिसऱ्याची पाळी येईपर्यंत ते फ्रिजमध्येच राहू द्या आणि आत घालण्याआधी अर्धा तास बाहेर काढा. टेबलावरचं भांडं गरम ठेवायचं तर त्याहून मोठ्या परातीत उकळतं पाणी ओतून त्यात ते ठेवा, पाणी अर्ध्या उंचीपर्यंत. खाली सतत पेटता बर्नर ठेवला तर तळ करपतो आणि चीज पुन्हा फुटतं.

शिजलेलं दूध-चीज दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासच. एप्रिल-मे मध्ये अंगणात दुपारची पार्टी असेल तर ही मर्यादा पाळाच. सगळ्यांचे हात लागून उरलेलं टाकून द्या. ओव्हनमध्ये गेलंच नाही असं भांडं राहिलं तर ते दुसऱ्या दिवशी भाजता येतं.

टेबलावर न नेलेलं, भाजलेलं डिप उरलं तर फ्रिजमध्ये दोन दिवस राहतं. सकाळी पदेराकडून ताजी पोई घ्या, तिच्या पोकळीत गार डिप दोन चमचे भरा, झाकण ठेवून तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी चार-चार मिनिटं शेका. जास्त भरू नका, कडेने सुटतं आणि तव्याला चिकटतं.